चमक येते, थर जातो

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

एखादी गोष्ट फार वेळा सांगून झाली की आपण म्हणतो, हे तर घासून गुळगुळीत झालेलं नाणं आहे. या म्हणण्यात मोठी गंमत आहे. नाणं गुळगुळीत होतं तेव्हा ते चमकतं. पण त्याच वेळी त्याच्यावरचा छाप, राजाचं नाव, पाडलेलं साल हे सगळं निघून जातं. चमक येते ती कुठून तरी आणलेली नसते. वरचा थर गेला म्हणून ती आलेली असते.

माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे नाण्यांवर बोललो असतो तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण आज मी बोलणार आहे मोटारीच्या रंगाबद्दल. त्या रंगावर फिरणारं यंत्र, त्याला लावायचा पॅड आणि त्यावर घ्यायचं पॉलिश यांच्याबद्दल. मी राहतो जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याला, जालना-भोकरदन रस्त्यावर. माझ्या लहानपणी या रस्त्यावर एस.टी., मालमोटारी आणि बैलगाड्या असत. मोटार दिसायची ती डॉक्टरांची किंवा साहेबांची. आज गावात घरापुढे मोटार उभी असणं ही नवलाई राहिलेली नाही. बरीचशी वाहनं जुनी घेतलेली असतात. कुणी कापसाच्या पैशातून घेतो, कुणी कर्ज काढून. लग्नसराईत भाड्याने देऊन हप्ते फेडणारेही आहेत. त्यांच्या जोडीला रस्त्याच्या कडेला गाड्या धुण्याचे आणि पॉलिश करण्याचे धंदे उभे राहिले. ते चालवणाऱ्यांत माझे काही विद्यार्थी आहेत. ते विचारतात, "सर, कंपाउंड कोणतं वापरायचं? लोकरीचा पॅड बरा की फोमचा?" या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या डब्यावर पुरतं मिळत नाही. ते शोधायला इतिहासात जावं लागतं, असं माझं मत आहे.

आधी आपल्या ओळखीच्या दोन गोष्टी घेऊ. पोळ्याच्या आधी आपण बैलांची शिंगं साळतो. वरचा खरबरीत पापुद्रा निघाला की शिंग तुळतुळीत दिसतं. मग त्याला हिंगूळ किंवा वॉर्निश लावतो, वर बेगड चिकटवतो. म्हणजे चमक आणण्याच्या दोन रीती झाल्या. साळणं म्हणजे काढून चमक आणणं. बेगड म्हणजे वरून चमक चढवणं. बेगड पावसाने जाते, पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. साळलेलं मात्र परत येत नाही. शिंगाच्या आत हाड असतं, रक्त असतं. जाणता माणूस कधीच शिंग खोलवर साळत नाही. मोटारीच्या पॉलिशचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत बसतं. मेण लावणं ही बेगड आणि यंत्राने पॉलिश करणं हे साळणं. बाजारात मात्र दोन्हींना एकच नाव आहे, 'पॉलिश', आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

घासून चकाकी आणण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. केदारखेड्याहून पुढे गेलं की भोकरदन लागतं. हे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली ती गजबजलेली बाजारपेठ होती. तिथे हस्तिदंताची एक कोरीव स्त्रीमूर्ती सापडली, आणि इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य विद्वानांच्या लगेच लक्षात आलं. त्याच मातीत अकीक आणि तांबड्या कार्नेलियन दगडाचे मणी मिळाले. असा मणी चमकवायचा तर घाई चालत नाही. गुजरातेत खंबायतला परंपरेने चालत आलेली रीत अशी की, मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरायचं, आणि दोन माणसांनी ती पिशवी दिवसच्या दिवस पुढेमागे ओढत राहायची. आधी भरड पूड, मग बारीक. प्रत्येक बारीक पूड आधीच्या भरड पुडीचे ओरखडे काढते आणि स्वतःचे त्याहून लहान ओरखडे मागे ठेवते. डोळ्याला दिसणार नाहीत इतके ते लहान झाले, की आपण म्हणतो दगड चमकला.

हा कुरुंद शब्द लक्षात ठेवा. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. त्यावरूनच युरोपीय भाषांत 'कोरंडम' हा शब्द गेला. माणिक आणि नीलम ही या खनिजाचीच रत्नं. रसायनशास्त्रात त्याला अॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणतात, आणि कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल येतो. आज मोटारीच्या पॉलिशच्या बाटलीत जी पांढरी पेस्ट असते, तिच्यात बहुतेक वेळा याच कुरुंदाचे कारखान्यात बनवलेले अतिसूक्ष्म कण असतात. हत्यारांना पाणी देणारा, धार लावणारा आपला शिकलगार याच कुरुंदाची लाखेत बसवलेली चाकं वापरत असे. शिकलगार हे नावही झिलई देणाऱ्यासाठीच्या अरबी-फारसी शब्दावरून आलेलं आहे. तेव्हा हा धंदा परका नाही. परकं आहे ते यंत्र, आणि त्याच्याखालचा रंग.

आता त्या रंगाकडे वळू. पहिल्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच. त्यांना रंगही बग्गीसारखाच देत. तेलाचा रंग आणि वॉर्निश, ब्रशने, एकावर एक अनेक हात. प्रत्येक हात वाळायला वेळ लागे. दोन हातांच्या मध्ये नमद्याच्या तुकड्यावर पाणी आणि प्यूमिसची पूड घेऊन पृष्ठभाग घासत. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून निघणारा हलका, सच्छिद्र दगड. नमद्याचा तो तुकडा म्हणजे आजच्या पॅडचा आजोबा म्हणायला हरकत नाही. एका गाडीच्या रंगाला आठवडेच्या आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारजोडणी सुरू केली. गाडी भराभर तयार होऊ लागली, पण रंग वाळण्याची वाट पाहणं काही सुटेना. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे.

ही कोंडी फुटली ती स्फोटकं बनवणाऱ्या कारखान्यातून. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज बनवण्याची मोठी सोय होती. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतला हा मुख्य पदार्थ. त्यातून त्यांनी पटकन वाळणारं लॅकर बनवलं आणि १९२३ साली 'ड्युको' नावाने बाजारात आणलं. पुढच्याच वर्षीच्या ओकलंड मोटारी या रंगात निघाल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. हे लॅकर ब्रशने लावणं कठीण. त्याला लागते फवारणारी गन. तिची जन्मकथाही मजेशीर आहे. अमेरिकेतले एक डॉक्टर, अॅलन डीव्हिलबिस यांनी १८८८ साली घशात औषध फवारण्याचं उपकरण तयार केलं होतं. त्यांच्या मुलाने त्याच कल्पनेतून १९०७ च्या सुमारास रंगाची गन बनवली. दवाखान्यातली पिचकारी अशी गॅरेजमध्ये आली.

ड्युको हा शब्द आपल्याकडे इतका रुजला की ती एका कंपनीची छाप आहे हेच आपण विसरलो. आजही सुताराला आपण सांगतो, "कपाटाला ड्युको मारून द्या." आपल्या राज्यात रंगाचे कारखाने तसे लवकर आले. आज कन्साई नेरोलॅक म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९२० साली मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स या नावाने सुरू झाली. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली गिरगावातली. मोटारीही मुंबईतच बनू लागल्या. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक वर्षं टिकलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि ती रस्त्यावरून गेली.

ड्युकोचा एक गुण मात्र आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हे लॅकर फवारून वाळलं की त्याला म्हणावी तशी चकाकी नसे. ती नंतर घासून आणावी लागे. म्हणजे रबिंग ही तेव्हा दुरुस्ती नव्हती, रंगकामाचाच तो शेवटचा टप्पा होता. त्यामुळे घासण्यासाठी जादा थर द्यायचा हे रंगाऱ्याने गृहीतच धरलेलं असे. रबिंग कंपाउंड या पदार्थाला मोठी मागणी आली ती तेव्हापासून. सोबतीला पाण्याचा पेपर आला. फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या गृहस्थाच्या कल्पनेतून ३एम कंपनीने १९२१ साली पाण्यात भिजवून वापरता येईल असा पॉलिशपेपर काढला. कोरडं घासताना रंगाची विषारी धूळ उडून कामगारांच्या छातीत जाई, ती या पेपरमुळे खाली बसली. आजही आपला पेंटर बादलीत पेपर भिजवून लांबी घासतो, तो या शोधाचा वारस आहे.

पुढे सिंथेटिक इनॅमल आलं. पद्मिनी, अॅम्बेसेडर, जीप, ट्रॅक्टर यांच्या अंगावर जो रंग होता त्यात रंग आणि चकाकी एकाच थरात असे. हा थर उन्हाने पांढुरका पडला की गॅरेजमधला पोऱ्या कापडाच्या बोळ्यावर तांबूस कंपाउंड घेऊन हाताने जोर लावी. बोळ्यावर गाडीचा रंग उतरे. मेलेला पापुद्रा निघून खालचा ताजा रंग वर येई आणि गाडी नव्यासारखी दिसे. ज्यांनी हे पाहिलं त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: जितकं जास्त घासावं तितकी जास्त चमक. त्या काळात हा समज फारसा महाग पडत नव्हता. थर जाड होता, रंग तळापर्यंत एकच होता, आणि घासणारा हात माणसाचा होता. हात दमतो. यंत्र दमत नाही.

मग रंगच बदलला. मोटारीला धातूसारखी झळाळी हवी म्हणून रंगात अॅल्युमिनियमचे बारीक पत्रे मिसळू लागले. ते उघडे राहिले तर काळवंडतात. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली. १९७० आणि १९८० च्या दशकांत ती जगभर पसरली आणि नंतर आपल्याकडे आली. मराठवाड्यातल्या मुलांनी तर हा बदल कारखान्यात उभं राहून पाहिला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. तिथे वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर काय काय असतं ते पाहा. सगळ्यांत खाली गंज रोखणारा थर. तो गाडीचा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवतात. त्यावर प्रायमर. त्यावर रंगाचा पातळ थर. आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर' म्हणतात. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअरचा थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा. वर्तमानपत्राचा कागद बोटांत धरून पाहा. तो साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तुमच्या गाडीचं ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून रक्षण करणारा थर या कागदाहूनही पातळ आहे. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनं याच थरात असतात. तो फार पातळ झाला तर आज काही दिसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडतात, आणि सापाच्या कातीसारखे पापुद्रे सुटू लागतात. मग पॉलिश कामाचं राहत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

आमच्या भागातली एक काळी गाडी मी अशी झालेली पाहिली आहे. मालक दरवर्षी खंडेनवमीच्या आधी शहरात नेऊन तिला यंत्राने रबिंग करून घ्यायचा. हत्यारांची आणि वाहनांची पूजा म्हणून हौसेने. पूजेच्या दिवशी गाडीत तोंड दिसायचं. चौथ्या वर्षी टपावरची कात सुटली. गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक आधी टपाकडेच बघायचं आणि किंमत पाडून मागायचं. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली त्याला हे नुकसान झेपणारं नव्हतं. घासणारा कारागीर काही लबाड नव्हता. जुन्या जाड रंगासाठी योग्य असलेली रीत त्याने नव्या पातळ रंगावर वापरली, एवढंच.

ओरखडा काढणं म्हणजे नेमकं काय, हे इथे समजून घ्यायला हवं. शेतात ओघळ पडला तर आपण बाहेरून माती आणून तो बुजवतो. रंगातला ओरखडा असा बुजत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालची सगळी 'जमीन' खाली आणली, तरच तो नाहीसा होतो. म्हणून पहिला प्रश्न पॉलिश कोणतं हा नाही. ओरखडा किती खोल आहे, हा आहे. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पूर्ण काढण्याच्या नादी लागू नका. त्याच्या कडा जरा बोथट केल्या की तो डोळ्यांत कमी खुपतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल गोल बारीक चरे दिसतात, ते मात्र उथळ असतात आणि सहज निघतात. ते येतात कुठून? बहुतेक आपल्याच हातून. धूळ बसलेली गाडी आपण कोरड्या फडक्याने पुसतो. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. ते फडकं म्हणजे मग पॉलिशपेपरच झालं.

आता यंत्र. विजेचं हाती धरायचं यंत्र जर्मनीतल्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये भोकं पाडण्यासाठी बनवलं. त्याच वंशातलं पॉलिशचं गोल फिरणारं यंत्र, रोटरी. ते एकाच आसाभोवती भरकन फिरतं. एका जागी क्षणभर जास्त टेकलं तर तिथे उष्णता साठते, रंग जळतो. निष्णात हातात ते भराभर काम करतं, नवशिक्याच्या हातात रंग खातं. दुसरं यंत्र दुहेरी गतीचं. बाजारात त्याला डीए म्हणतात. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान वर्तुळात हेलकावतो. म्हणून उष्णता एका ठिकाणी साठत नाही. जोर जास्त दिला तर त्याचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं. हीच त्याची दया आहे. नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांना मी हेच यंत्र घ्या म्हणून सांगतो.

पॅडचं गणित असं. लोकरीचा पॅड सगळ्यांत जास्त कापतो. त्याचा प्रत्येक केस कण घेऊन पृष्ठभागावर ओढला जातो. मायक्रोफायबरचा पॅडही चांगला कापतो. फोममध्ये कडक ते मऊ असे प्रकार आहेत. कडक फोम कापतो, मऊ फोम नुसती झळाळी आणतो. पॅडच्या रंगावर मात्र विसंबू नका. एका कंपनीचा केशरी पॅड मध्यम असेल, दुसरीचा कडक. बोटाने दाबून पाहा, डब्यावरचं वाचा. पॉलिशचंही तसंच. कंपाउंड भरड, पॉलिश मध्यम, फिनिशिंग पॉलिश बारीक. जुन्या पद्धतीच्या पॉलिशमध्ये कण घासता घासता फुटून बारीक होतात, म्हणून ते पुरतं 'पिकेपर्यंत' फिरवावं लागतं. नव्या प्रकारच्या काही पॉलिशमध्ये कण सुरुवातीपासूनच अतिबारीक आणि एकसारखे असतात. त्यांना तशी वाट पाहावी लागत नाही. आपल्या हातातलं पॉलिश कोणत्या जातीचं आहे हे माहीत नसेल, तर चांगल्या पॉलिशनेही काम बिघडतं.

या सगळ्यांतून निवड करायची कशी? याचं उत्तर मला मोटारीच्या नाही, चित्रांच्या इतिहासात सापडलं. आमच्यापासून अजिंठा काही फार दूर नाही. तिथल्या चित्रांवर एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी, रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश चढवलं. पुढे हैदराबाद संस्थानाने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीवरून सुटणारा चित्रांचा गिलावा त्यांनी जागच्या जागी धरला, हे त्यांचं मोठं काम. पण वर लावलेली लाखेची शेलॅक काळाबरोबर पिवळी पडली आणि चित्रं झाकोळली. नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना कित्येक वर्षं तो थर उतरवत बसावं लागलं. चित्रं जपणाऱ्यांच्या जगात एक साधा नियम आहे. आधी कोपऱ्यातल्या लहानशा तुकड्यावर, सगळ्यांत सौम्य द्रावणाने प्रयोग करायचा. तेवढ्याने भागलं तर पुढे जायचंच नाही. कारण चढवलेलं कष्टाने का होईना उतरवता येतं. खरवडलेलं परत चढवता येत नाही.

मोटारीलाही हाच नियम लावा. गाडी भरपूर पाण्याने धुवा. चिकटलेली घाण चिकणमातीसारख्या 'क्ले'ने काढा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. आमच्याकडच्या वैशाखात तापलेल्या बॉनेटवर पॉलिश टेकताच वाळतं. मग एक वीतभर जागा निवडा. त्यावर मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश फिरवा. पॅडवर गाडीचा रंग उतरला तर जुना एकेरी रंग आहे असं समजा. पांढरट अवशेष राहिला तर वर क्लिअर आहे. पुसून उन्हात बघा. समाधान झालं? मग सगळ्या गाडीला तेच. नाही झालं, तर पॉलिश तेच ठेवून पॅड थोडा कडक घ्या. तरी नाही, तर पॉलिश एक पायरी भरड घ्या. लोकर आणि कंपाउंड ही शेवटची पायरी, आणि ती केली तर मागोमाग बारीक पॉलिशने तिचे चरे काढायलाच हवेत. धारांवर, कडांवर रंग मुळात पातळ बसलेला असतो. तिथे यंत्र टेकवू नका, हवं तर कागदी चिकटपट्टी लावून झाका. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता बाहेर पडत नाही, तिथे हात हलका ठेवा. पॅड मळला की बदला.

आणखी दोन गोष्टी. पहिली, रंगाची जाडी मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं. धंदा करणाऱ्याने ते घ्यावंच. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही. म्हणून एखाद्या भागावर आकडा बाकीच्यांहून बराच कमी दिसला, तर तिथे आधी कुणीतरी घासून गेलेलं आहे असं समजा आणि यंत्र बाजूला ठेवा. खूप जास्त दिसला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, खाली कदाचित लांबीही आहे. दुसरी, बऱ्याच पॉलिशमध्ये तेल किंवा भरणारे पदार्थ असतात. ते चरे झाकतात, काढत नाहीत. दोन धुण्यांनंतर चरे पुन्हा वर येतात, मालक पुन्हा रबिंगला येतो आणि थर पुन्हा जातो. म्हणून काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून बघा. तेल निघालं की खरं काय ते कळतं. बेगड लावायला हरकत नाही. कार्नोबाचं मेण, जे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, ती अगदी उत्तम बेगड आहे. फक्त बेगडीला बेगडच म्हणावं, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

शंभर वर्षांचा हा इतिहास मी एका वाक्यात मांडू शकतो. रंगाचा घासता येईल असा थर पातळ होत गेला, आणि घासणारं हत्यार बळकट होत गेलं. आजोबांच्या काळात जाड थर आणि दमणारा हात यांचा मेळ आपोआप बसत होता. आता तो मेळ माणसाने डोकं वापरून बसवायचा आहे. पॅड आणि पॉलिशची निवड म्हणजे हाच मेळ. जो कारागीर "एवढ्याने भागलं, आता थांबू" असं म्हणतो, तो कमी काम करत नाही. तो गिऱ्हाइकाचा थर राखतो. मुलांनो, धंद्यात तुमची पत त्याच थरावर उभी राहणार आहे. आणि गाडीवाल्यांना एवढंच सांगेन की, पॉलिश करून घेण्याआधी कारागिराला एक प्रश्न विचारा: "बाबा, तू यावर काही चढवणार आहेस, की काढणार आहेस?" जो याचं सरळ उत्तर देईल, त्याच्या हाती गाडी खुशाल सोपवा.